शिसवी पलंग, दुभत्याचं कपाट आणि सेलची शेवटची तारीख

पत्र थोडक्यात असं: ३४ वर्षांच्या एका मैत्रिणीने आणि तिच्या नवऱ्याने पुण्याच्या वेशीवर टू बीएचके घेतला आहे. ताबा दसऱ्याला, वास्तुशांत दिवाळीच्या आत. नवऱ्याने ऑनलाइन सेलमध्ये बेड, तीन दारांचं वॉर्डरोब, सहा खुर्च्यांचं डायनिंग टेबल आणि टीव्ही युनिट निवडून ठेवलंय. एकूण १ लाख १० हजार, बारा हप्त्यांत. इकडे चिपळूणजवळचं तिचं आजोळ मामा पाडून नव्याने बांधतायत. तिथे एक शिसवी पलंग, दुभत्याचं जाळीचं कपाट, सागवानी टेबल आणि वेत फाटलेल्या दोन खुर्च्या आहेत. 'नेत असशील तर ने, नाहीतर भंगारवाला बोलावतो,' असं मामा म्हणाले. पुण्यातल्या मिस्त्रीने फोटो बघून दुरुस्ती, पॉलिश आणि टेम्पो धरून ४५ हजार सांगितले. नवरा म्हणतो, एवढ्यात नवं येतं, आणि पाच वर्षांनी कंटाळा आला की बदलताही येतं. सासूबाई म्हणतात, ज्या पलंगावर माणूस गेलं तो नव्या घरात नको. आजी त्याच पलंगावर गेली. मैत्रीण विचारते, 'मी भावनेच्या भरात पैसे घालवतेय का?'

आधी तारखेबद्दल बोलू, लाकडाकडे मग वळू.

तुमच्या पत्रात 'वास्तुशांतीच्या आत' हे शब्द चारदा आलेत. वास्तुशांतीला काय लागतं ते गुरुजींना विचारा. चौरंग, पाट, कलश, होमाचं सामान आणि जेवणाऱ्यांसाठी सतरंज्या. वॉर्डरोब त्या यादीत नसतो. उलट हॉल मोकळा असला तर दोन पंगतींची माणसं एका पंगतीत बसतात. माझ्या लहानपणी आमच्या घरात वस्तू एकेक करून आल्या. वडिलांच्या बोनसवर लोखंडी कपाट, दोन वर्षांनी दिवाण, आणि सोफा आला तेव्हा मी दहावीत होते. घर रिकामं आहे असं कुणाला वाटलं नाही, कारण शेजारचं घरही तसंच होतं. हल्ली फ्लॅटची किल्ली आणि 'फर्निचर झालं का?' हा प्रश्न एकाच दिवशी हातात पडतात.

घाई न करण्याचं एक कोरडं कारणही आहे. खरं तर ओलं म्हणायला हवं. लाखेचं पॉलिश, ज्याला आपण फ्रेंच पॉलिश म्हणतो, ते दमट हवेत पांढरट पडतं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने लाकडावर थरावर थर चढवत जायचे असतात. स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि चकाकीच्या जागी धुरकट डाग राहतात. आत्ता ऑगस्ट आहे. दिवाळीच्या आधी सगळं पॉलिश करून द्या असं म्हणालात, तर मिस्त्री देईल करून, नाही म्हणणार नाही. पण चांगला पॉलिशवाला स्वतःच सांगेल की पाऊस पुरता जाऊ द्या. म्हणजे आजोळच्या वस्तू दिवाळीनंतरच घरात येणार. हे एकदा मान्य केलंत की अर्धी चिडचिड कमी होईल.

आता तुमचे यजमान. पत्रात तुम्ही त्यांना जरा खलनायक करून टाकलंय. घराचे हप्ते चालू असताना माणूस स्वस्तात काय बसतं ते बघणारच. स्वस्त फर्निचर काही ठिकाणी अगदी योग्यही असतं. मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाचं उदाहरण घ्या. चार वर्षांत त्याचे गुडघे वर आपटायला लागणार, त्याला सागवान कशाला? पण 'पाच वर्षांनी बदलू' या वाक्यात एक गोष्ट धरून चाललेली असते, की ते पाच वर्षं नीट राहील.

सेलच्या पानावर 'इंजिनिअर्ड वुड' असं लिहिलेलं असतं. त्या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा आणि चिपा रेझिनने दाबून केलेली फळी. एमडीएफ त्याहून बारीक तंतूंचा, गुळगुळीत आणि जड. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पदर आडवे-उभे चिकटवलेले. पहिला नि तिसरा यांत फार अंतर आहे, किमतीतही आणि आयुष्यातही. पार्टिकल बोर्डात पाणी शिरलं की तो फुगतो आणि वाळल्यावर पुन्हा मूळच्या मापाला येत नाही. आमच्याकडे असं एक वॉर्डरोब होतं, बाथरूमच्या भिंतीला लागून. तिसऱ्या पावसाळ्यात खालची कड पावासारखी फुगली, मग दार लोंबायला लागलं. सुताराला बोलावलं. त्याने बिजागरी काढली, भोकात बोट घातलं आणि हातावर भुसा घेऊन मला दाखवला. 'ताई, यात स्क्रू धरायला लाकूडच नाही.' दोनदा जागा बदलून बिजागरी लावली, तिसऱ्यांदा लावायला जागा उरली नाही. विकायला काढलं तर कुणी फुकट न्यायलाही तयार नव्हतं.

तेव्हापासून मी लाकूड अस्सल आहे का हे नंतर विचारते. आधी विचारते, हे माझ्या गल्लीतल्या सुताराला उघडून नीट करता येईल का? सागवानी टेबलाचा पाय हलला तर तो काढून, सांध्यातला जुना सरस खरवडून पुन्हा बसवता येतो. लोखंडी कपाटाला वेल्डिंगचा डाग देता येतो, रंग मारता येतो. चांगल्या प्लायवूडची बिजागरी निघाली तरी भोक बुजवून पुन्हा बसते. जे दुरुस्त होत नाही, ते कितीही स्वस्त मिळालं तरी ते तुम्ही भाड्यानेच घेतलेलं असतं.

सवलतीच्या मोठ्या अक्षरांखाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते दोघांनी एकत्र बसून वाचा. प्लायवूड असेल तर त्यावर आयएस ३०३ किंवा आयएस ७१० हा मानकाचा शिक्का शोधा. त्यातलं एमआर ग्रेड हे हवेतल्या ओलाव्याला तोंड देणारं असतं, पाण्याला नव्हे. दुकानदार ते 'वॉटरप्रूफ' म्हणून खपवतात. आयएस ७१० हे पाण्यात टिकणारं, मरीन प्लाय. आणि नव्या बोर्डाच्या फर्निचरला येणारा, डोळ्यांना झोंबणारा वास? तो बहुतेकदा फॉर्मल्डिहाइड या वायूचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरलं. घाबरून जाऊ नका, पण ई१ किंवा ई० असा कमी उत्सर्जनाचा दर्जा आहे का ते विचारा आणि पहिले काही आठवडे त्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा. लहान मूल असेल तर जास्तच.

हे सगळं वाचून तुम्हाला बरं वाटत असेल, तर थांबा. आता तुमची पाळी.

'जुनं अस्सल लाकूड म्हणजे आयुष्यभराची चिंता मिटली' हे तुमचं गृहीतही तपासायला हवं. सागवानाला वाळवी लागत नाही असं सगळेच सांगतात. ते खरं आहे सागाच्या गाभ्याबद्दल, कारण त्या तपकिरी लाकडात वाळवीला न मानवणारे नैसर्गिक घटक असतात. सालीलगतचं पांढरट लाकूड साध्या लाकडाइतकंच खाल्लं जातं, आणि जुन्या फर्निचरच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला ते सर्रास वापरलेलं असतं. म्हणून चिपळूणला जाताना टॉर्च, मोजपट्टी आणि एक स्क्रू ड्रायव्हर न्या. वस्तू उलटी करा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, आवाज पोकळ आला की तिथे टोक दाबून बघा. मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. ती बहुधा जमिनीतून किंवा भिंतीतून आलेली असते, त्यामुळे वस्तू तिथून हलवली की तिचा रस्ता तुटतो. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर तो भुंगा. तो लाकडाच्या आतच राहतो आणि तुमच्याबरोबर पुण्याला येतो. भुकटी जुनी की ताजी हे एका नजरेत कळत नाही. वस्तू झाडून घ्या, खाली काळा कागद पसरा आणि मामांना पंधरा दिवसांनी बघायला सांगा. नवी भुकटी पडली असेल तर आधी औषध, मग पुढचं सगळं. खुर्च्यांच्या आणि पलंगाच्या सांध्यांत ढेकूण नाहीत ना, हेही त्याच दिवशी. याची लाज वाटून घेऊ नका. घरात आल्यावर जास्त वाटेल.

आणखी एक. नवऱ्याची यादी आणि मामांकडची यादी समोरासमोर ठेवून बघितलीत का? त्या दोन याद्यांत सामाईक फक्त पलंग आणि टेबल आहे. १ लाख १० हजार विरुद्ध ४५ हजार हे भांडण मुळात जुळतच नाही, कारण मामांकडे वॉर्डरोब नाही नि सेलमध्ये दुभत्याचं कपाट नाही. तुम्ही दोघं दोन वेगळ्या घरांसाठी भांडताय.

मी तुमच्या जागी असते तर सगळ्यात आधी ते दुभत्याचं कपाट उचललं असतं. ही माझी आवड आहे हे कबूल करते. पूर्वी दूध, दही, लोणी यात ठेवत आणि मुंग्या चढू नयेत म्हणून त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत असत. त्यामुळे पायांचे खालचे दोन-तीन इंच बहुतेकदा कुजलेले असतात. घाबरू नका, तेवढा भाग कापून खाली नवा तुकडा सांधता येतो, सुताराला ते रोजचं काम आहे. कपाटावर ऑइल पेंट असेल, तर मात्र तो कोरडा घासू देऊ नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाची खात्री नाही. ओलं करून, तोंडावर मास्क लावून, मुलांपासून लांब, उघड्यावर खरवडायचं. जाळी गंजली असेल तर नवी. कांदे-बटाटे ठेवा, नाहीतर पुस्तकं. जाळीमुळे हवा खेळते, पुस्तकांना बुरशी कमी धरते.

टेबल घ्याच. तुम्हा दोघा-तिघांना ते जेवायला पुरतं. सहा खुर्च्यांचं डायनिंग कुणासाठी घेताय, हे एकदा एकमेकांना विचारा. खुर्च्यांचं बघा: बैठकीच्या चौकटीला सगळीकडून बारीक भोकं असतील तर वेत हाताने विणावा लागतो. भोकांऐवजी खाच असेल तर तयार विणीचं कापड त्यात दाबून बसवतात, ते सोपं आणि स्वस्त. विणणारे हात आता कमी झालेत, पण अंध व्यक्तींसाठी काम करणाऱ्या संस्थांमध्ये हे कसब वर्षानुवर्षं शिकवलं गेलं आहे. आधी तिथे चौकशी करा.

राहिला पलंग. शिसवी आहे म्हणता, म्हणजे मौल्यवान आहे यात शंका नाही. आज ऑनलाइन जे 'शीशम' मिळतं ते उत्तरेकडच्या झाडाचं, आपल्या काळ्याभोर शिसवीचं भाऊबंद, पण तेच झाड नव्हे. तसं लाकूड आता नव्याने सहज मिळत नाही. तरीही मला वाटतं, हा पलंग तुम्ही बेडरूमसाठी नेऊ नये, निदान आत्ता तरी. एक कारण मापाचं: तयार गाद्या ७२, ७५ आणि ७८ इंच लांबीच्या येतात, जुना पलंग बहुतेकदा यातल्या कशाशीच जुळत नाही आणि मग गादी खास बनवून घ्यावी लागते. दुसरं कारण सासूबाई.

त्यांचं म्हणणं तुम्ही 'अंधश्रद्धा' या एका शब्दात निकालात काढलंय. असेलही. पण ज्या घरात त्या तुमच्याबरोबर राहणार, तिथे त्यांना रोज खटकणारी वस्तू मधोमध ठेवून तुम्हाला आजीची आठवण निवांत जपता येणार नाही. तिच्यावरून वादच होतील. त्यांना एकदा विचारा, त्यांच्या माहेरची कुठली वस्तू त्यांना मिळाली, कुठली राहून गेली. उत्तर ऐकण्यासाठी विचारा, मुद्दा जिंकण्यासाठी नको. पलंग नेलाच तर त्याचे खांब उतरवून, रुंदी कमी करून हॉलमध्ये बाक म्हणून वापरता येतो. पण शिसवीला करवत लावण्याआधी मी दहादा विचार करीन. एकदा कापलं की ते परत जुळत नाही. तुमच्या मावश्या, मावसभावंडं यांपैकी कुणाला हवा आहे का? हे तसंही विचारायलाच हवं. आजोळच्या वस्तूंवर फक्त तुमचा जीव नसतो, आणि न विचारता हललेल्या पलंगावरून दहा वर्षं अबोला धरलेली घरं मी पाहिली आहेत. कुणालाच नको असेल तर जुन्या फर्निचरच्या दोन-तीन व्यापाऱ्यांना फोटो पाठवून भाव विचारा. मुंबईत चोर बाजार, ओशिवरा इथे असे व्यापारी बसतात. भंगाराच्या भावात शिसवी देणं हा मामांचाच तोटा आहे.

त्या ४५ हजारांबद्दल. फोटो बघून सांगितलेला एकच आकडा मान्य करू नका. सुतारकाम, वेत, पॉलिश आणि वाहतूक यांचे वेगवेगळे आकडे मागा. पलंग वगळला की आकडा खाली येईलच. सांधे घट्ट करणं, पाय सांधणं हे काम चिपळूणच्याच सुताराकडून करून घेता येईल का बघा. खिळखिळी वस्तू टेम्पोत घाटातून आली की आणखी खिळखिळी होते. पॉलिश मात्र पुण्यात, कारण वाटेत ओरखडे पडणारच. जेवणाच्या टेबलावर लाखेचं पॉलिश देखणं दिसतं, पण गरम भांड्याने आणि पाण्याने लगेच डागाळतं. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन ही जास्त टिकणारी पॉलिशं लावा, कपाटाला लाख. मिस्त्रीला एवढंच बजावा की काचपेपरने घासून लाकूड नवं कोरं करायचं नाही. टेबलावरचे काही डाग राहू देत.

ज्या वाचकांना आजोळही नाही आणि मामाही नाही, त्यांच्यासाठी थोडं. सगळं घर अस्सल लाकडाचं करायचं डोक्यातून काढा. एकच वस्तू सुताराकडून करून घ्या, जी रोज हाताखाली येते ती. लाकडाचा हिशोब स्वतःला यायला हवा: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्हींचा गुणाकार करून १४४ ने भागलं की घनफूट. पाच फूट लांब, ३० इंच रुंद, एक इंच जाड टेबलाची वरची बाजू म्हणजे १ घनफुटाहून किंचित जास्त. पाय आणि चौकट धरून छोटं टेबल दोन-अडीच घनफुटांत बसतं, वर कापताना वाया जाणारं थोडं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन भाव विचारलात की सुताराच्या आकड्यात लाकूड किती आणि मजुरी किती हे उघड होतं. मजुरीत घासाघीस करू नका, लाकडात करा. 'बर्मा टीक' कुणी फार स्वस्तात देऊ लागलं तर सावध व्हा. म्यानमारने, म्हणजे पूर्वीच्या बर्माने, २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली. आपलं चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारशाचं सागवान कमी नाही. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये चंद्रपूरहूनच सागवान गेलं. सागच हवा असंही नाही. कोकणात फणसाच्या लाकडाचं फर्निचर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, शिवण या झाडाचं लाकूड हलकं आणि फारसं न वाकणारं. आंब्याचं लाकूड स्वस्त, पण भुंग्याला आवडतं, औषध दिलेलं आणि नीट वाळलेलं असेल तरच घ्या. आणि वस्तू पॉलिशच्या आधी, कोरी असताना बघायला जा. पॉलिशखाली भेगा, पांढरं लाकूड आणि भुशाने बुजवलेले सांधे सगळं झाकलं जातं.

पावसाळ्यात अस्सल लाकडाचे खण अडकतात, हेही आधीच सांगून ठेवते. तेव्हा लगेच रंधा मारून घेऊ नका, हिवाळ्यात तोच खण खुळखुळा होतो. कडेला मेणबत्ती घासा आणि ऑक्टोबरची वाट बघा.

कपड्यांसाठी माझं मत लोखंडी कपाट, जुनं मिळालं तर जुनंच. जागा भिंतभर हवी असेल तर पुढच्या वर्षी चांगल्या प्लायवूडमध्ये सुताराकडून. टीव्ही भिंतीवर लागतो, त्याला युनिट लागत नाही. बेड हवाच, तर यजमानांच्या कार्टमधला तेवढा एक राहू द्या. त्यातून त्यांचंही काहीतरी राहतं, आणि संसारात ते महत्त्वाचं असतं. फक्त तो कशाचा आहे ते बारीक अक्षरांत वाचून घ्या, आणि उरलेल्या रकमेचे हप्ते टळतील ते मोजून त्यांना दाखवा.

आज मात्र मामांना फोन करा. भंगारवाल्याला थांबवायला सांगा. घर पाडायला सुरुवात होण्याआधी वस्तू गोठ्यात किंवा शेजारच्या पडवीत हलवायला सांगा, विटांवर उचलून, भिंतीपासून वीतभर दूर. वर प्लास्टिक घालू नका, आत पाणी धरतं. जुनी चादर पुरे. आणि तुमच्या इमारतीच्या लिफ्टचं दार मोजा. कपाट त्यात उभं मावतं का, हे चिपळूणहून टेम्पो निघण्याआधी कळलेलं बरं.